‘आमची नवी वेबसाइट कशी वाटली?’ या प्रश्नाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
(प्रत : वेबसाइटचे काम पाहणारा विभाग)

विषय : नव्या वेबसाइटवर मॅन्युअल आणि सुट्या भागांची माहिती न सापडणे, तसेच ग्राहकांचा अभिप्राय घेण्याची चुकीची पद्धत

महोदय / महोदया,

आमच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या कंपनीचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर आहेत. त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. गेली नऊ वर्षे आठवड्यातून एकदा तरी मी तुमची वेबसाइट उघडते. गेल्या महिन्यात तुम्ही ती पूर्ण बदललीत. त्यानंतर तुमच्याकडून तीन वेळा अभिप्राय मागण्यात आला. तिन्ही वेळा मी काही लिहिले नाही, कारण मला जे सांगायचे आहे त्याला तुमच्या फॉर्ममध्ये जागा नव्हती. म्हणून हे पत्र.

मंगळवारी सकाळी एक कॉम्प्रेसर तापमान वाढून ट्रिप झाला. पॅनलवर अलार्म कोड आला. असा कोड आला की काय करायचे हे आमच्याकडे ठरलेले आहे : मशीनच्या शेजारी लॅमिनेट केलेले कार्ड टांगले आहे, त्यावर तुमच्या मॅन्युअलमधल्या अलार्म कोडच्या पानाचा पत्ता आहे. तो फोनवर टाकायचा, तक्ता पाहायचा, आणि तेल कमी आहे का, कूलर तुंबला आहे का, थर्मल व्हॉल्व्ह अडकला आहे का, हे क्रमाने तपासत जायचे. त्या दिवशी तो पत्ता टाकल्यावर तुमचे मुखपृष्ठ उघडले. पान हलवले आहे किंवा काढले आहे, असा साधा संदेशसुद्धा नाही. मला वाटले आपलाच एखादा आकडा चुकला. मी पत्ता पुन्हा टाकला, मग सहकाऱ्याच्या फोनवर टाकून पाहिला. दर वेळी तेच मुखपृष्ठ.

मुखपृष्ठावर पूर्ण स्क्रीनभर एक छायाचित्र आहे, त्यावर तीन शब्दांचे घोषवाक्य आणि ‘अधिक जाणून घ्या’ असे बटण. खाली सरकल्यावर आणखी एक छायाचित्र, आणखी एक ‘अधिक जाणून घ्या’. कशाबद्दल जाणून घ्यायचे हे बटणावर लिहिलेले नाही. मेनू तीन आडव्या रेघांमागे लपवला आहे. फोनवर जागा कमी असते म्हणून ते समजू शकते, पण ऑफिसमधल्या मोठ्या स्क्रीनवरही तीच खूण आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा. शोधाच्या चौकटीत मॉडेल नंबर टाकला तर कंपनीच्या बातम्या आल्या. आणि नेमके तेव्हाच सगळा मजकूर झाकणारी एक खिडकी वर आली : ‘आमची नवी वेबसाइट कशी वाटली?’ खाली पाच तारे.

त्या क्षणी मशीन बंद होते आणि चार माणसे हवेच्या दाबाची वाट पाहत उभी होती. ती खिडकी बंद करायची फुली इतकी बारीक की हातमोजा काढून दोनदा दाबावी लागली. शेवटी मॅन्युअलची जुनी छापील प्रत कपाटात सापडली. कूलर धुळीने तुंबला होता. साफ करायला वीस मिनिटे लागली आणि कारण शोधायला त्याच्या दुप्पट.

जे चांगले आहे तेही सांगते. ऑर्डर कुठवर आली हे दाखवणारे नवे पान खरोखर सुटसुटीत झाले आहे. जुने पान फोनवर उजवीकडे स्क्रीनबाहेर जायचे, ते आता नीट दिसते. तेव्हा मोकळ्या, स्वच्छ मांडणीला माझा विरोध नाही. पान भरगच्च होते, ते मोकळे करायलाच हवे होते. पण मोकळे करताना काय काढले हे पाहा. सुट्या भागांचा तक्ता गेला. मॉडेलनुसार एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, सेपरेटर, प्रत्येकाचा पार्ट नंबर आणि किती तासांनी बदलायचा, हे सगळे एका पानावर होते. दिसायला तो तक्ता कंटाळवाणा असेल, पण तुमच्या ग्राहकांच्या ऑफिसात छापून लावलेले पान कोणते असेल तर ते हेच. त्याच्या जागी आता फिल्टरचे सुंदर छायाचित्र आहे आणि पार्ट नंबर कुठेच नाही. मोकळी जागा दोन गोष्टींच्या मधे असली तर त्या ओळखू येतात. इथे त्या दोन गोष्टीच उचलल्या गेल्या आणि जागा तेवढी राहिली.

अक्षरांचा रंग ही दुसरी अडचण. पांढऱ्यावर फिका करडा मजकूर दिसायला नाजूक वाटतो, वाचायला त्रास देतो. मी ब्राउझरमधल्या साधनाने मोजून पाहिले : अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला काँट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, २.८५ : १ निघाला. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या निकषांनुसार एए या मधल्या पातळीवर नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो आणि हा आकडा २००८ सालच्या आवृत्तीपासून तोच आहे. तोच करडा रंग जरा गडद केला तरी निकष पूर्ण होतो, मांडणीला धक्काही लागत नाही. वर्कशॉपच्या दारात, उन्हात फोन धरून कोणी वाचत असेल, हा विचार कोणाच्या मनात आला नसावा.

आमचे हिशेब पाहणारे सहकारी मनगटाच्या दुखण्यामुळे माउस वापरत नाहीत, कीबोर्डवरची टॅब कळ दाबत एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जातात. जुन्या साइटवर आपण कुठल्या चौकटीत आहोत हे कडेच्या रेषेवरून कळायचे. नव्या साइटवर ती रेषाच काढून टाकली आहे. सर्व्हिस मागणीच्या फॉर्ममध्ये चौकटीचे नाव चौकटीच्या आतच फिके लिहिले आहे आणि टाइप करायला लागले की ते नाहीसे होते. त्यांनी मशीनचा सीरियल नंबर ऑर्डर नंबरच्या जागी भरला. फॉर्म नाकारला गेला आणि लाल अक्षरांत फक्त ‘माहिती चुकीची आहे’ एवढे आले. कुठली माहिती, ते नाही. अर्धा तास घालवून त्यांनी फोन करायचे ठरवले, तर फोन नंबर कुठल्याच पानावर नाही. या फॉर्मबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटते, कारण त्या माणसाला वाटले की चूक आपलीच आहे.

आता अभिप्रायाबद्दल, कारण माझी मुख्य तक्रार तीच आहे. तुम्ही आम्हाला विचारता, ‘कशी वाटली?’ पानाकडे दहा सेकंद पाहून कोणीही चार तारे देईल. मीही दिले असते, छायाचित्रे खरेच छान आहेत. त्या चार ताऱ्यांवरून तुम्हाला कळणार नाही की अलार्म कोडचे पान हरवले आहे. ज्याला हवे ते सापडले नाही, तो तारे देत बसत नाही, निघून जातो. तुमच्या सरासरीत तो नसतोच.

विचारायचे असेल तर काम सांगा : ‘या मॉडेलच्या ऑइल फिल्टरचा पार्ट नंबर शोधा.’ आणि शेजारी बसून बघा. मदत करू नका, समजावू नका. माणूस कुठे थांबतो, कुठे मागे फिरतो, एवढे टिपा. त्यासाठी शेकडो माणसेही लागत नाहीत. वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेल्या हिशेबानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. मात्र कामे वेगळी असतील तर गटही वेगळे घ्यावे लागतात. आमच्याच ऑफिसात मी मॅन्युअल शोधते, सहकारी बिले शोधतात. आम्हा दोघांच्या अडचणी एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मशीन विकत घ्यायला आलेल्या नव्या ग्राहकाची तर तिसरीच असेल. मुखपृष्ठ कदाचित त्याच्यासाठीच केले असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांनी मशीन आधीच घेतले आहे त्यांनाही दार हवे.

हे सगळे साइट बदलण्याआधी, कागदावरच्या कच्च्या आराखड्यावरसुद्धा करता आले असते. तेव्हा तक्ता परत ठेवायला एक रेघ ओढावी लागली असती. आता काम वाढले आहे, तरी ते करावे ही विनंती.

सर्वांत आधी जुने पत्ते चालू करा. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नेमक्या नव्या पानाकडे ३०१ चे कायमचे वळण (जुना पत्ता टाकला की आपोआप नवे पान उघडणारी सोय) लावता येते, सरसकट मुखपृष्ठाकडे नव्हे. आमच्यासारखी कार्डे किती मशीनशेजारी टांगलेली असतील हे तुम्हाला ठाऊक नाही, ती आम्ही बदलत बसावीत अशी अपेक्षा ठेवू नका. त्यानंतर सुट्या भागांचा तक्ता आणि फोन नंबर. अक्षरांचा रंग आणि टॅबची रेषा हे तर एका दिवसाचे काम आहे. अभिप्रायाची ती खिडकी मात्र आजच काढा, निदान मॅन्युअलच्या आणि सर्व्हिसच्या पानांवरून.

तुम्ही ग्राहकांना बसवून साइट तपासणार असाल तर मी आणि माझे सहकारी प्रत्येकी एक तास द्यायला तयार आहोत. त्यासाठी काही मोबदला नको. आमच्याकडे आलात तर जास्त बरे, म्हणजे मशीनशेजारी उभे राहून, एका हाताने फोन धरून ती कशी वापरली जाते ते दिसेल.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. तोपर्यंत दोन्ही कॉम्प्रेसरची मॅन्युअल आणि पार्ट नंबरचा जुना तक्ता ईमेलने पाठवावा. सीरियल नंबर आणि हरवलेल्या अकरा पानांचे जुने पत्ते सोबत जोडले आहेत.

आपली,
देखभाल विभाग प्रमुख
(नऊ वर्षांपासूनची ग्राहक)