हे माझ्या हातून कसं झालं?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. कॉलेजच्या सहलीत वेरूळला १६ नंबरच्या कैलास लेण्यात रेखाटनं करायला बसलात, आणि देवळाच्या ओट्यावरची हत्तींची रांग काढता काढता तुला एकदम रडू आलं. "अण्णा, मी देव मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मग हे काय होतं?" असं तू विचारलंस. मी "जेवलीस का" म्हणून विषय बदलला. त्याचं वाईट वाटतंय.

कैलास लेणं राष्ट्रकूटांच्या कृष्णराजाने आठव्या शतकात खोदवलं, हे तुम्हाला शिकवलं असेलच. त्याच घराण्यातल्या कर्कराजाचा इ.स. ८१२चा एक ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात या देवळाचं वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून म्हणतात, हे स्वयंभूच असणार, हाताने केलेल्या वस्तूत असं रूप दिसत नाही. आणि पुढे शिल्पकाराची गोष्ट येते. असं काम पुन्हा आपल्याच्याने होणार नाही हे त्याला कळतं, आणि तो स्वतःच चकित होऊन म्हणतो, हे मी कसं केलं! गंमत म्हणजे तिथे देवळाला शब्द वापरलाय 'कीर्तन'.

मुक्ता, मला त्या माणसाचं फार वाटतं. लेणं वरून खाली कोरत आणलंय. शिखर घडवणाऱ्याच्या पायाखाली तेव्हा अख्खा डोंगर होता. तू वही घेऊन बसलीस ते अंगण त्याच्या खाली शंभरेक फूट, दगडाच्या पोटात होतं. एक घाव चुकला तर दगड परत चिकटवता येत नाही. एवढं नेमकं काम करणारा माणूस शेवटी 'मी केलं' म्हणत नाही, 'कसं झालं' म्हणतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

मला हे पखवाजावरून कळलं. तुझी आजी गेली त्या वर्षी मी देवावर रागावलो होतो. काकड्याला जाणं सोडलं, पखवाज माळ्यावर टाकला. सप्ताहात वाजवणारा आला नाही म्हणून निरोप आला, तेव्हा नाही म्हणवेना म्हणून गेलो. डाव्या पुडीला, म्हणजे चामड्याला, कणीक लावली. तू लहानपणी ती कणीक पळवायचीस, आठवतं? जास्त लागली तर आवाज बसतो, कमी पडली तर पोकळ येतो, बोटांनाच अंदाज असतो. हातोडीने वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकत उजवी बाजू पेटीच्या सुरात आणली. हे सगळं मी रागातच करत होतो.

बुवांनी 'जय जय रामकृष्ण हरि' घेतलं आणि विठ्ठलाच्या रूपाचा अभंग लावला. मागे टाळकरी वीसेक. आधी टाळ जरा पुढेमागे पडत होते, मग सगळे एका ठोक्यात आले. त्यानंतर कधीतरी मी वाजवतोय हेच विसरलो. अभंग संपला तेव्हा डावा हात कणकेने भरलेला आणि डोळे ओले. राग गेला नव्हता. पण ज्याच्यावर रागावलोय तो समोर आहे, एवढं मात्र पक्कं कळलं. त्याआधी मी रिकाम्या भिंतीवर रागावत होतो.

आपल्या भजनात रूपाचा अभंग आधी का, हे मला त्या रात्री उमगलं. कमरेवर हात, गळ्यात तुळशीचे हार, कानात कुंडलं; आधी त्याला डोळे भरून बघायचं. उपदेशाचे, वैराग्याचे अभंग मागून येतात. मान आणि मग बघ, असं आपल्याकडे नाही. बघ म्हणतात.

सौंदर्य दरवेळी देवाकडे नेतंच असं नाही. गळा गोड आणि अहंकार गळ्याच्याही वर, असे गाणारे मी पाहिलेत. तिथे गाणाऱ्याचा 'मी' दार अडवून उभा असतो. तुझा 'मी' त्या दिवशी थोडा वेळ बाजूला झाला, म्हणून रडू आलं. त्याला देव म्हणायचं की नाही, ते तुझं तू बघ. मी म्हणतो, कारण मला दुसरा शब्द सापडत नाही. तू म्हणत नाहीस म्हणून माझा जीव तुझ्यासाठी घाबरत नाही, हे तुला एकदा सांगायचं होतं.

दिवाळीला येशील तेव्हा ती वही आण. शेवटच्या हत्तीची सोंड अर्धी राहिली म्हणालीस. फोटोवरून पूर्ण करू नकोस. आपण दोघं पुन्हा जाऊ, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. तू काढ, मी बाजूला बसेन.

तुझे,
अण्णा