चिन्मयच्या पहिल्या भेटीआधी

लीड्स, ११ जुलै

ति. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न.

तुम्ही कळवलंत की चिन्मय कॉलेजला जात नाही, रात्र-रात्र जागा असतो, आणि डॉक्टर म्हणाले की ऑटिझममध्ये हे असंच चालायचं. मला हे मुळीच पटलेलं नाही. ऑटिझम त्याला जन्मापासून आहे. कुलाबा आणि सांताक्रूझचा रोजचा पाऊस लिहायची वही मात्र त्याने यंदाच्या जूनपासून उघडलेली नाही. इतकी जिवाभावाची आवड सुटणं हे नैराश्याचं लक्षण असू शकतं, आणि नैराश्यावर उपचार आहेत.

आधी दात, कान, बद्धकोष्ठता, थायरॉईड तपासून घ्या. दुखणं नेमकं सांगता आलं नाही की ते वागण्यातून बाहेर पडतं.

मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीपर्यंत त्याची झोप, जेवण, आंघोळ, बोलणं रोज एका कागदावर लिहा. शेजारी वर्षापूर्वी हेच कसं होतं ते. फरक डॉक्टरांना डोळ्यांनी दिसला पाहिजे. ‘कसं वाटतंय?’ला तो ‘माहीत नाही’ म्हणतो, ती टाळाटाळ नव्हे. जवळपास निम्म्या ऑटिस्टिक माणसांना स्वतःची भावना ओळखणंच जड जातं. त्यापेक्षा विचारा: छातीत धडधडतंय का? पोट आवळल्यासारखं होतंय का? लिहून विचारलंत तर आणखी बरं, आणि उत्तराला वेळ द्या. त्याचा चेहरा कोरा असला तरी आत त्रास असू शकतो, हे वहिनी, तुम्ही डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलून करायची उपचारपद्धत, सुचवतील. ती नेहमीच्या पद्धतीने केली तर बरेचदा फसते, कारण ती सगळी बोलण्यावर आणि ‘मनात काय आलं’ यावर चालते. इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१२ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांसाठी त्यात करायचे बदल सांगितले आहेत, तेच मागा: आज काय करायचं ते आधी कागदावर, साधी थेट भाषा, उपमा कमी, विचार तपासण्यापेक्षा कृतीवर जोर, मध्ये विश्रांती, घरचं माणूस सोबत, आणि त्याच्या आवडीचा विषय. चिन्मयसाठी तो विषय तयारच आहे. हवामान खात्याच्या मोजपट्टीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. काळजीची पट्टी हीच करायची. प्रत्येक पायरीपुढे शरीरात काय होतं आणि तेव्हा काय करायचं ते लिहायचं: ‘मुसळधार’ला हात घामेजतात, तिथेच वर्गाबाहेर पडायचं. ‘अतिमुसळधार’पर्यंत थांबलं तर बोलणंच बंद होतं, मग मदत मागता येत नाही.

‘भीती जाईल, रोज लोकलने पाठवा’ हा सल्ला जपून घ्या. भीती सरावाने कमी होते. आवाजाने खरोखर होणारा त्रास तसा कमी होत नाही. कानात इअरप्लग, दुपारची गाडी, आधी दोनच स्टेशनं. आणि कॉलेजात दिवसभर इतरांसारखं वागण्याचा आव आणून तो पार थकून गेला असेल, तर ‘कामात गुंतवा’ने तो आणखी खचेल. तेव्हा आधी त्याच्यावरचा भार कमी करा.

ऑटिझम घालवणारं औषध नाही. नैराश्याचं औषध दिलं तर नेहमीपेक्षा कमी मात्रेने सुरू करून सावकाश वाढवायला सांगा. सुरुवातीला अस्वस्थता वाढली, झोप आणखी उडाली तर लगेच कळवा. मनाने एकदम बंद करू नका. रिस्पेरिडोन (चिडचिड, आक्रमकपणा यांवर देतात ते औषध) लिहून दिलं तर कशासाठी ते विचारा, आणि वजन व साखर आधी मोजून घ्या. ती दोन्ही त्याने वाढू शकतात.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते येत नाहीत. ऑटिस्टिक प्रौढांत ही जोखीम इतरांपेक्षा जास्त असते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, गोळ्या कुलपात ठेवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं. धोका आत्ताच वाटला तर थेट केईएम रुग्णालय गाठा.

ओपीडीच्या गर्दीत त्याला बसवू नका. दादाने नंबर धरावा, वहिनी, तुम्ही आणि चिन्मय बाहेर मोकळ्यावर थांबा. कागदाचा फोटो भेटीआधी मला पाठवा, डॉक्टरांसाठी एका पानात मांडून देते.

तुमची,
मीनल