वाटा ठरवण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

शेतातली भाजी घरोघरी वाट्याने पोचवण्याचा तुझा आराखडा वाचला. २१ घरं, अर्धा एकर, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. घरांचा आकडा ठीक आहे. पण सगळ्यांना शनिवारीच भाजी द्यायची, हे बदल. भेंडी आणि काकडी आपला वार पाहून वाढत नाहीत. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. चार दिवस झाडावर राहिली की जून होते, आणि जून शेंगा तशाच ठेवल्या तर पुढचा बहरही मंदावतो. सात-सात घरांचे तीन गट कर: सोमवार, बुधवार, शुक्रवार. फेऱ्या वाढतील, म्हणून क्रेट सकाळच्या दूधगाडीतून पाठवायचं आधीच बोलून घे. रविवारची तोडणी आठवडी बाजारात जाऊ दे.

मेथी २५ ते ३० दिवसांत येते आणि मग थांबत नाही. सगळं बी एकदम टाकलंस तर एका आठवड्यात ढीग आणि पुढे तीन आठवडे रिकामे. दर आठवड्याला ३ बाय २ मीटरचे दोनच वाफे पेर, दोन्हींत मिळून साधारण ५० ग्रॅम बी. घरटी एक जुडी जाऊन थोड्या उरतील, त्या उरायलाच हव्यात. धने रगडून फोडायचे, रात्रभर भिजवायचे, मगच पेरायचे. तरी उगवायला आठ-दहा दिवस घेतात. जुलैच्या झडीत मेथीवर भिस्त ठेवू नकोस, मुळाशी पाणी साचून ती सडते. तेव्हा अळू आणि अंबाडी द्यायची.

पालेभाजी ऊन चढायच्या आत काढ आणि धुऊ नकोस. ओल्या जुड्या क्रेटमध्ये कोंडल्या की आतून तापतात आणि दुपारपर्यंत पानं काळी पडतात. माती झटकायची, जुडी सैल बांधायची, वर ओलसर गोणपाट. दुधी, वांगी खाली.

जपानात १९७० च्या दशकात रुजलेल्या ‘तेईकेई’ पद्धतीत शेतात जे पिकेल ते घरांनी स्वीकारायचं, असं ठरलेलं असतं. तत्त्व मला पटतं. पण सलग चौथ्या आठवड्यात दुधी आला की आपल्याकडे चिडचिड होते, आणि ती साहजिक आहे. जिथे क्रेट उतरतात तिथे अदलाबदलीची एक टोपली ठेव. नको ते त्यात टाकावं, त्यातलं हवं ते न्यावं. मेथीच्या उरलेल्या जुड्या इथेच कामी येतात.

आगाऊ आलेले पैसे भाजी पोचेपर्यंत आपले नाहीत. एक तृतीयांश पहिल्या महिन्यात बी, शेणखत आणि मजुरीला वापर. बाकी बँकेत राहू दे, महिन्यागणिक काढ. पीक गेलं तर वाटा कमी होईल, हे पैसे घेण्याआधी सांग. गारपीट झाल्यावर सांगितलेली हीच गोष्ट सबब वाटते. ही घरं गिऱ्हाईक नाहीत, वाटेकरी आहेत. हिशेबाची वही त्यांना उघडी असू दे, मजुरीच्या आकड्यासकट.

महिन्यातून एका रविवारी सभासदांना शेतावर बोलाव, पण निंदणी देऊ नकोस. नवख्या हातांना गाजराचं रोप आणि तण सारखंच दिसतं. आच्छादन पसरणं, शेंगा तोडणं, ऑक्टोबरात लसूण लावणं ही कामं चांगली. पाकळीचं टोक वर, एवढं एकदा दाखवलं की पोरंसुद्धा करतात. रोजच्या बायकांचा त्या दिवशीचा रोज मात्र बुडवू नकोस. पाहुण्यांना शिकवणार त्याच आहेत, आणि तेही कामच आहे. शेजारच्या शेतकऱ्यांशी सावड ठेव: त्यांच्या लावणीला तू दोन दिवस गेलास, तर तुझ्या कांदा काढणीला माणसं मिळतील.

तो कांदा लावच. मे महिन्यात क्रेट हलका पडतो, तेव्हा तोच सावरतो. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोड. शेवटपर्यंत पाणी दिलं तर मान जाड राहते आणि साठवणीच्या चाळीत तिथूनच कूज शिरते. काढल्यावर तीन दिवस पातीखाली शेतातच सुकव, मग दीड इंच मान ठेवून पात काप.

गट ठरले की पेरणीच्या तारखा कळव.

तुझी,
आई