लेंटमध्ये १३६वं स्तोत्र दोघांनी कसं म्हणायचं

कोपरखैरणे, नवी मुंबई
१५ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबा,
जय ख्रिस्त.

येत्या बुधवारी, १८ तारखेला, भस्म बुधवार, म्हणजे लेंटचा (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा) पहिला दिवस. तिथपासून ४ एप्रिलच्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून आपण चाळीस म्हणतो. बाबा, तुम्ही म्हणालात की ह्याही वर्षी रोज रात्री ५१वं स्तोत्रच घेणार. त्याबद्दलच लिहायचं आहे. कागद असला की शास्त्रात (बायबलात) घडी करून ठेवता येईल आणि हवा तेव्हा काढता येईल, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

५१वं स्तोत्र नाथान संदेष्ट्याने दाविद राजाला त्याचं पाप तोंडावर सुनावलं त्यानंतरचं. एका माणसाचं, एका ठरावीक पापाचं, एकट्याने म्हणायचं. ते सलग चाळीस रात्री घेतलं की पश्चात्ताप बाजूला राहतो आणि जुनं उगाळणं सुरू होतं: कुणाला काय बोललो, कुणाचं काय करायचं राहून गेलं. उतारवयात हे फार लवकर होतं, कारण ज्याची माफी मागायची तो माणूसच बरेचदा उरलेला नसतो. दाविदानेही सुरुवात पापापासून केलेली नाही. आधी देवाची करुणा, मग स्वतःचे अपराध, असा क्रम आहे. तेव्हा ५१वं शुक्रवारी घ्या. इतर दिवशी १३६वं.

ह्यात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचा दुसरा अर्धा भाग एकच: ‘त्याची दया सनातन आहे.’ पहिली तीन वचनं नुसती हाक मारतात, देवाचे उपकार आठवा म्हणून. ४ ते ९ सृष्टी: आकाश, पाण्यावर पसरलेली जमीन, सूर्य, चंद्र, तारे. १० ते १५ मिसरातून (इजिप्तमधून) इस्राएल लोकांची सुटका. रानातली चाळीस वर्षं एकट्या १६व्या वचनात उरकली आहेत. मग १७ ते २२ राजे आणि जमीन. इथपर्यंत ‘आम्ही’ कुठेच नाही. २३व्या वचनात तो पहिल्यांदा येतो: आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली. आणि २५व्यात ‘आम्ही’सुद्धा मागे पडतो, देव सर्व प्राणिमात्रांना अन्न देतो, असं म्हणून स्तोत्र संपत येतं. एवढा समुद्र दुभंगला, एवढे राजे पडले आणि शेवटी गोष्ट येते ती रोजच्या जेवणावर. मला ह्या स्तोत्रातलं हे सगळ्यात जास्त आवडतं.

म्हणताना दोन आवाज लागतात. पहिला अर्धा बाबांनी वाचायचा, दुसरा आईने म्हणायचा. दर रविवारी अदलाबदल. एकाला नजर पानावर ठेवावी लागते, दुसऱ्याला कान उघडे ठेवावे लागतात, आणि दोन्ही कामं दोघांच्या वाट्याला यायला हवीत. सोफ्यावर शेजारी शेजारी बसू नका, समोरासमोर बसा. बाबा, तुम्हाला ऐकू कमी येतं तेव्हा तुम्ही आईच्या ओठांकडे बघून भागवता. शेजारी बसलं की ती सोय जाते. टीव्ही बंद, पंखा दोनवर. जेवण आणि गोळ्या झाल्यावर लगेच घ्या. झोपायच्या वेळेवर ठेवलंत तर निम्म्यावर पेंग येणार. घाई न करता म्हटलं तरी पूर्ण स्तोत्राला चार-पाच मिनिटं पुरतात. दोघांच्या हातातली शास्त्रं मात्र एकाच भाषांतराची असू द्या, नाहीतर ओळी कमीजास्त होऊन मध्येच चर्चा सुरू होईल.

बिघडतं ते साधारण सातव्या-आठव्या वचनाला. ७, ८ आणि ९ हे खरं तर एकच वाक्य आहे, तीन वचनांत तोडलेलं. दिवसावर सत्ता चालवायला सूर्य, एवढंच म्हणून ओळ थांबते, वाचणाऱ्याचा आवाज खाली उतरत नाही आणि समोरचा त्याच्यावर चढून ‘त्याची दया’ सुरू करतो. १९ आणि २०मध्ये तर राजाचं नुसतं नाव आहे, तिथे हमखास आवाजावर आवाज चढतो. एकदा वेग वाढला की पुढचं सगळं पाढ्यांसारखं होतं. उपाय एवढाच की पहिला अर्धा वाचणाऱ्याने ओळ संपली की मान वर करायची आणि दुसऱ्याने त्यानंतरच तोंड उघडायचं. दर वेळी निराळा भाव आणून म्हणायचा प्रयत्न करू नका. ते नाटकी होतं आणि दहाव्या वचनापर्यंत दम संपतो. एकाच साध्या सुरात म्हणा. मन भरकटलं, दूधवाल्याचा हिशेब आठवला, तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, जिथे भान आलं तिथून पुढे. तीच ओळ २६ वेळा असण्याचा हा व्यवहारी फायदा आहे, परत यायला जागा पावलोपावली मिळते.

आई, तू १०वं वचन गाळतेस हे मला माहीत आहे. मिसराचे प्रथमजन्मलेले मारले आणि लगेच ‘त्याची दया सनातन आहे’, हे घशाखाली उतरत नाही. उतरू नयेच. पण गाळू नकोस. आपल्या ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर सिनेगॉग आहे ना, शाआर हाशामायिम, १८७९ सालचं. तिथल्या बेने इस्राएल लोकांची घरची भाषा आपलीच, मराठी. यहुदी परंपरेत ह्या स्तोत्राला मोठं हालेल म्हणतात (हालेल म्हणजे स्तुती). शब्बाथच्या (शनिवारच्या) सकाळच्या प्रार्थनेत ते असतं आणि वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्रीही. त्याच रात्री मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना प्याल्यातला द्राक्षारस थेंब थेंब बाहेर काढण्याची यहुदी रीत आहे, दहा पीडांचे दहा थेंब. दुसऱ्यांची मुलं मेली, म्हणून आपला प्याला काठोकाठ भरलेला ठेवायचा नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात. सुटका खरी होती आणि तिची किंमत कुणीतरी दिली, ही दोन्ही भानं त्यात आहेत. तेव्हा १०वं वचन आवाज खाली आणून म्हणायचं आणि पुढे जायचं.

सीहोन आणि ओग, म्हणजे १९ आणि २०मधले ते दोन राजे, ह्यांच्याबद्दल गणना ह्या पुस्तकाचा २१वा अध्याय एकदा काढून बघा. इस्राएलाने सीहोनाकडे आधी नुसती वाट मागितली होती: शेतात, मळ्यात शिरणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही, राजमार्गाने सरळ निघून जाऊ. सीहोन सैन्य घेऊन चालून आला. एवढ्याने सगळे प्रश्न सुटतात असं मी म्हणत नाही, पण ही दोन नावं नुसती अडगळ वाटत नाहीत. (ओगाचा लोखंडी पलंग नऊ हात लांब आणि चार हात रुंद होता, असं अनुवाद ३मध्ये आहे. साडेतेरा फूट! आपल्या चरईच्या घरातल्या बेडरूममध्ये मावला नसता.)

ह्याच्या जोडीला शनिवारी १०६वं स्तोत्र घ्या. सुरुवात हीच, देवाची दया सनातन आहे म्हणून. पण पुढे सगळी पापांची यादी: होरेबात पुजलेलं वासरू, तंबूत बसून केलेली कुरकुर, मरीबा इथे पाण्यावरून झालेलं भांडण. १३६वं जी चाळीस वर्षं एका वचनात सांगतं, त्यांचा आतला हिशेब १०६व्यात आहे. लेंटमध्ये पापाची कबुली हवी, हे बाबांचं म्हणणं बरोबरच आहे. ती ह्या दोन स्तोत्रांत मिळून होते, आणि ती एकट्याची न राहता सगळ्या लोकांची होते. ४८ वचनं आहेत, तेव्हा शनिवारी थोडं लवकर बसा.

आता मुख्य मुद्दा. बाबा, तुम्ही म्हणता की मनातून खरंच तसं वाटत नसताना ‘त्याची दया सनातन आहे’ म्हणणं म्हणजे खोटेपणा. ही ओळ शास्त्रात आणखी कुठे कुठे येते ते बघा. २ इतिहास २०: मवाबी आणि अम्मोनी चालून आलेत, लढाई व्हायची आहे, आणि यहोशाफाट राजा गाणाऱ्यांना सैन्याच्या पुढे चालवतो, त्यांच्या तोंडी हीच ओळ. यिर्मया ३३: यरुशलेमेला वेढा पडलेला, यिर्मया संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलेला, आणि तिथून तो सांगतो की ओसाड पडलेल्या ह्या रस्त्यांवर ही ओळ पुन्हा ऐकू येईल. एज्रा ३: बाबेलातल्या बंदिवासातून परतलेल्यांनी मंदिराचा पाया घातला आहे, फक्त पाया. भिंत नाही, छत नाही. याजक कर्णे वाजवतात, लेवी (मंदिराचे सेवक) झांजा वाजवतात आणि ही ओळ आळीपाळीने म्हणतात. तिथे पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे याजक आणि वडीलधारे होते, ते मोठमोठ्याने रडायला लागले. इतर पुष्कळ जण आनंदाने ओरडत होते. लोकांना रडणं कुठलं आणि आरोळी कुठली हे ओळखू येईना, असं तिथे लिहिलं आहे. त्या म्हाताऱ्यांना कुणी गप्प केलं नाही.

शलमोनाच्या मंदिराच्या समर्पणाला ही ओळ काम पूर्ण झाल्यावर म्हटली गेली, हे खरं. पण ह्या तिन्ही ठिकाणी काम अर्धवट होतं किंवा सुरूही झालेलं नव्हतं. काम झाल्यावर फाडायची पावती असती तर तिन्ही ठिकाणी ती शोभली नसती. म्हणून ‘आतून वाटेपर्यंत’ थांबू नका. वाटलं नाही तरी म्हणा, रडू आलं तर रडत म्हणा.

चौथ्या आठवड्यापासून २४व्या वचनानंतर आपल्या घरच्या ओळी घालायच्या. रोज एक, फार तर दोन. त्या लिहिण्याची पद्धत स्तोत्रातच आहे: क्रियापद, नाव, ठिकाण, विशेषण जवळजवळ नाही. ‘२६ जुलै २००५च्या पाण्यातून ज्याने माणसं घरी आणली’, एवढं पुरे. ‘२०२०च्या एप्रिलमध्ये चर्चला कुलूप असताना ज्याने घरात ईस्टर होऊ दिला.’ ह्यात नेहमी दोन गोष्टी चुकतात. एक, सगळ्या ओळी नोकरी, फ्लॅट आणि नातवंडांचे मार्क ह्यांच्याच होतात, आणि ते स्तोत्र न राहता बायोडेटा होतो. २३वं वचन दैन्याचं आहे, तेव्हा आजारपण, कर्ज, भांडण ह्यांच्याही ओळी हव्यात. दुसरी, कुणाची तरी जिरली ह्याबद्दल आभार मानले जातात. भाऊबंदकीतल्या त्या जमिनीची ओळ लिहायची झाली, तर समोरच्याचं नाव त्यात नको.

उपवासाचं थोडक्यात. आई, तुझी साखरेची गोळी चालू आहे. गोळी घेऊन जेवण चुकवलं की साखर खाली येऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं. कॅथलिकांमध्ये नियम लेखी आहे, आणि तिथेही उपवास १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच बंधनकारक आहे. तुम्ही दोघंही त्यातून कधीच सुटलात. भस्म बुधवार आणि गुड फ्रायडेला बाबांना एक वेळ धरायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पाण्याशिवाय अजिबात नको, मार्च-एप्रिलचं ठाणं आहे. त्यापेक्षा २५वं वचन धरा: रोज एक वाटी तांदूळ डब्यात वेगळे काढा. वाटीत साधारण दीडशे ग्रॅम बसतात, चाळीस दिवसांचे सहा किलो. डबा कोरडा हवा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, नाहीतर ईस्टरपर्यंत पोरकिडे होतील. डबा पाळक साहेबांकडे पवित्र सप्ताहाच्या सुरुवातीलाच द्या, म्हणजे ज्यांना लागतो त्यांच्या घरी सणाआधी पोचेल.

यंदा वल्हांडणाची रात्र १ एप्रिलला आहे आणि दुसऱ्याच दिवशी, २ तारखेला, आपला पवित्र गुरुवार. प्रभुभोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले, असं मत्तय २६:३० सांगतं. ते स्तोत्र म्हणजे वल्हांडणाचं हालेल, ११३ ते ११८, असं बरेच अभ्यासक मानतात, आणि ११८व्याची पहिली आणि शेवटची ओळ तुमच्या ओळखीचीच आहे: त्याची दया सनातन आहे. गेथशेमाने, येशूला अटक झाली ती बाग, अजून पुढे होती. त्या गुरुवारी १३६व्याऐवजी ११८वं घ्या.

दोघांपैकी एकाला बरं नसेल तर दुसऱ्याने पहिला अर्धा मनात वाचायचा आणि ‘त्याची दया सनातन आहे’ मोठ्याने म्हणायचं. अंथरुणातल्या माणसाला तेवढं ऐकू आलं तरी चालतं, त्याने ओठ हलवलेच पाहिजेत असं नाही. मला फोनवर घेणार असाल तर वचनागणिक आळीपाळी जमत नाही, आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि सगळे एकमेकांवर बोलतात. तेव्हा मी ४ ते ९ सलग वाचीन, तुम्ही शेवटी एकदाच ओळ म्हणा. मग १० ते १५, तसंच पुढे. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवा, हातात धरू नका. झावळ्यांच्या रविवारी, २९ मार्चला, मी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने सकाळीच येते. तेव्हा घरच्या ओळींची वही बघायला काढून ठेवा.

तुमची,
लेक