‘गेलातच कशाला?’ हे सरकारचं उत्तर असू शकत नाही

माननीय आरोग्यमंत्री,

सविनय नमस्कार.

कोविडच्या काळात परदेशात सुटीवर गेलेली माणसं नियम बदलल्यामुळे अडकली, की जगभर एकच प्रश्न विचारला जायचा: साथ चालू असताना गेलातच कशाला? शेजारी विचारायचे, कचेरीतले सहकारी विचारायचे, आणि मंत्र्यांच्या निवेदनांतही थोड्या सभ्य भाषेत तोच सूर असायचा. हौस तुमची, मग भोगाही तुम्हीच. पुढची साथ केव्हा येईल हे कुणाच्या हातात नाही, पण ती आली की प्रवासाचे नियम तुमच्या खात्यातून निघतील. त्या वेळी हा प्रश्न सरकारच्या तोंडी येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

त्या दोन वर्षांत मी कुठेही गेलो नाही. माझं काही बुडालं नाही, मला भरपाई मागायची नाही. तरीही अडकलेल्या पर्यटकांना सहानुभूती मिळायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं. ती कशासाठी आणि किती, हे मात्र नीट सांगायला हवं.

स्पेनचं उदाहरण घ्या. २०२० च्या जुलैत ब्रिटन सरकारने स्पेनसह अनेक देशांतून परतणाऱ्यांना विलगीकरणातून सूट दिली होती. लोकांनी तिकिटं काढली, मुलाबाळांना घेऊन गेले. शनिवारी, २५ जुलैच्या संध्याकाळी घोषणा झाली की त्याच मध्यरात्रीनंतर स्पेनहून येणाऱ्या प्रत्येकाला १४ दिवस घरात राहावं लागेल. हातात उरले होते जेमतेम पाच तास. खुद्द वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स त्याच दिवशी कुटुंबासह स्पेनला सुटीसाठी पोचले होते. सुटी अर्धवट टाकून ते परतले आणि नियमाप्रमाणे घरात बसले. मला यात त्यांना टोमणा मारायचा नाही. उलट, यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. ज्याला आतली सगळी माहिती होती, ज्याच्या खात्याचा या निर्णयाशी थेट संबंध होता, त्यालाही ही सुटी बेजबाबदार वाटली नव्हती. मग टीव्हीवर बातम्या पाहून बेत ठरवणाऱ्या सामान्य माणसाकडून आपण कुठल्या दूरदृष्टीची अपेक्षा करत होतो?

मंत्री महोदय, ‘या देशात जायला हरकत नाही’ अशी यादी सरकार काढतं तेव्हा ते नुसती माहिती देत नसतं, परवानगी देत असतं. विमान कंपन्या त्या यादीवर वेळापत्रक आखतात, लोक त्या यादीवर रजा मांडतात. पोर्तुगाल १७ मे २०२१ ला ब्रिटनच्या हिरव्या यादीत होता, म्हणजे परतल्यावर विलगीकरण नाही. ३ जूनला तो यादीतून काढल्याचं जाहीर झालं आणि ८ जूनच्या पहाटे चारपासून दहा दिवसांचं घरगुती विलगीकरण लागू झालं. तीन आठवड्यांत खेळ खलास. सरकारने ‘जाऊ नका’ असं स्पष्ट सांगितल्यावरही जे गेले, त्यांच्याबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही; त्यांनी जोखीम ओळखून पत्करली. पण सरकारच्या यादीवर विश्वास ठेवून गेलेल्यांना त्याच सरकारने अविचारी म्हणणं मला पटत नाही.

यावर तुमचे अधिकारी सांगतील की विषाणू मुदत देत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि इथे पर्यटकांची बाजू घेणाऱ्या बऱ्याच जणांशी माझं पटत नाही. ते म्हणतात, नियम बदला पण आठवडाभर आधी सांगा. मी मुदत मागत नाही. मुदत दिली की काय होतं ते फ्रान्सच्या वेळी दिसलं. १३ ऑगस्ट २०२० च्या रात्री घोषणा, १५ ऑगस्टच्या पहाटे चारला अंमल. मधल्या तीसेक तासांत लोक मिळेल त्या बोटीने, गाडीने, विमानाने परत धावले. पहाटे चारच्या आधी पाय ठेवला तो मोकळा, चारनंतर ठेवला तो १४ दिवस बंद. दोघे एकाच गावातून, एकाच खानावळीत जेवून आलेले असले तरी! साथरोगाच्या दृष्टीने या रेषेला काय अर्थ उरतो?

आणि घाईचं गोंधळात रूपांतर झालं तर नियमच साथ पसरवू लागतो. ११ मार्च २०२० च्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षांनी युरोपातून येणाऱ्यांवर बंदी जाहीर केली. अंमल १३ तारखेच्या मध्यरात्रीपासून. अमेरिकन नागरिकांना ती लागू नाही, हे भाषणातून नीट कळलंच नाही. युरोपात असलेल्या अमेरिकनांनी वाटेल त्या भावाने तिकिटं घेतली, आणि शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर १४ मार्चला माणसं तासन् तास एकमेकांना खेटून रांगेत उभी राहिली. साथीच्या अगदी सुरुवातीला, बंद इमारतीत, नुकत्याच युरोपातून आलेल्या माणसांची अशी दाटी! एक वाक्य स्पष्ट लिहिलं असतं तर यातली बरीच गर्दी टळली असती.

तेव्हा मुदत द्यायची की नाही, हा प्रश्न मी तुमच्या तज्ज्ञांवर सोडतो. ते ‘आज रात्रीपासून’ म्हणाले तर आज रात्रीपासून. पण मग त्या तातडीची किंमत कुणी मोजायची, हे सरकारने आधीच ठरवलेलं हवं. स्पेनहून परतलेल्या ज्या माणसाला घरून काम करणं शक्य नव्हतं, त्याचे ते १४ दिवस कुणाच्या खिशातून गेले? ब्रिटनमध्ये केवळ प्रवासामुळे विलगीकरणात असलेल्याला कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता लागू नव्हता. मालकाने समजून घेतलं तर ठीक, नाहीतर बिनपगारी. बंगल्यात राहून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला त्या नियमाचा त्रास झाला तो वाचनाचे दिवस वाढल्याइतका. गोदामात, दवाखान्यात, बसच्या चाकामागे काम करणाऱ्याचा अर्ध्या महिन्याचा पगार गेला. ‘पर्यटक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिला माणूस येतो, आणि नियम मोडतो तो दुसऱ्याचा कणा. वर्षानुवर्षं थोडे थोडे साठवून आठवडाभर बाहेर गेलेल्या कुटुंबाला श्रीमंतांच्या रांगेत बसवून झोडपणं हा अन्याय होता, आणि तो आपण समाज म्हणूनही केला.

शिवाय विमानात बसलेला प्रत्येक जण सुटीवर असतो कुठे? कुणी आईच्या शेवटच्या आजारपणासाठी गेलेला असतो, कुणी बाळंतपणासाठी, कुणी थांबलेल्या लग्नासाठी. तिकिटावर कारण लिहिलेलं नसतं. मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतात असलेल्या आपल्याच नागरिकांना घरी यायला बंदी केली आणि ती मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाची तरतूद लागू केली. सुमारे नऊ हजार जणांनी परतण्यासाठी नावं नोंदवलेली होती. ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायला तेव्हा सरकारची खास परवानगी लागत होती. म्हणजे साथीच्या काळात तिथून निघालेला माणूस बहुधा सरकारला कारण पटवूनच निघालेला होता. तरी त्यांच्याही वाट्याला ‘गेलातच कशाला’ आलंच. बंदी १५ मेपर्यंत टिकली. तेवढ्या दिवसांत, इथे दुसरी लाट शिगेला असताना, त्या माणसांवर काय गुदरलं असेल याचा विचार केला तरी जीव कासावीस होतो.

एक आक्षेप मला स्वतःलाही छळतो, तो टाळून पुढे जाणार नाही. २४ मार्च २०२० ला रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत लागू झाली. त्यानंतर लाखो मजूर कडेवर मुलं घेऊन शेकडो मैल चालत निघाले. त्यांच्यापुढे समुद्रकिनाऱ्यावर अडकलेल्याचं दुःख काय मोठं? मोठं नाहीच. दोन्ही एका तराजूत घालणंही मला गैर वाटतं. पण दोन्हीकडे चूक करणारा हात एकच होता: रात्रीतून हुकूम काढणारा आणि माणसं सकाळी कुठे असतील याचा हिशेब न करणारा. पर्यटकाला ‘भोगा’ म्हणायची सवय लागलेलं सरकार मजुराच्या वेळी वेगळं वागत नाही. म्हणून मला या दोन सहानुभूती एकमेकींच्या विरोधात उभ्या करायच्या नाहीत.

आता कायद्याचं. जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, २००५ यातलं कलम ३२ सांगतं की प्रवाशांना सन्मानाने वागवावं आणि उपायांमुळे होणारा त्रास कमीत कमी ठेवावा. कलम ४० सांगतं की विलगीकरणाचा खर्च प्रवाशाकडून घेऊ नये. तात्पुरत्या किंवा कायमच्या वास्तव्यासाठी येणाऱ्यांचा तेवढा अपवाद. आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम १२ सांगतं की स्वतःच्या देशात येण्याचा हक्क कुणाकडूनही मनमानीने हिरावून घेता येणार नाही. यात कुठेही ‘कारण योग्य असेल तर’ अशी अट नाही. प्रत्यक्षात काय झालं? ब्रिटनने फेब्रुवारी २०२१ पासून लाल, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या, यादीतल्या देशांतून येणाऱ्यांकडून हॉटेलातल्या विलगीकरणाचे माणशी १,७५० पौंड घेतले. पुढे ते २,२८५ झाले. न्यूझीलंडने परतायच्या खोल्यांसाठी चक्क सोडत काढली, आणि एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं की त्या पद्धतीने काही नागरिकांच्या मायदेशी येण्याच्या हक्कावर असमर्थनीय मर्यादा आली. त्याच न्यायालयाने विलगीकरणाची व्यवस्था मुळात गरजेची होती हेही मान्य केलं. मला हा निकाल फार समंजस वाटतो.

नोव्हेंबर २०२१ चा प्रसंगही तुमच्या खात्याने अभ्यासावा. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी विषाणूचा नवा प्रकार, ओमिक्रॉन, प्रामाणिकपणे जगाला कळवला आणि काही तासांत देशामागून देश दारं लावू लागले. २६ तारखेला दक्षिण आफ्रिकेहून निघालेली दोन विमानं हवेत असतानाच नेदरलँड्सने नियम बदलला. ॲमस्टरडॅमला सुमारे सहाशे प्रवासी कित्येक तास अडकून पडले. त्यातले ६१ जण बाधित निघाले. म्हणजे तपासणी करणं योग्यच होतं, मी ते नाकारत नाही. पण बाधित आणि निरोगी माणसं इतका वेळ एकत्र ठेवण्यात कसली खबरदारी होती? ब्रिटनने आफ्रिकेतल्या देशांसाठी पुन्हा सुरू केलेली लाल यादी १५ डिसेंबरला रिकामी केली, कारण तोवर ओमिक्रॉन देशात सर्वत्र पोचलेला होता. तीन आठवडेही झाले नव्हते.

तर माझं मागणं असं. कुणाची बुडालेली सुटी सरकारने भरून देऊ नये. तो पैसा इस्पितळांना लागेल. परतल्यावर चाचणी, घरात थांबणं, गैरसोय, हे प्रवाशाने निमूट सोसावं. पण आपल्या नागरिकासाठी दार पूर्ण बंद होणार नाही, हे साथ नसताना, आत्ताच, कायद्यात लिहा. सक्तीच्या विलगीकरणाचं भाडं प्रवाशाकडून घेणार नाही हे लिहा. तो परवानगी असलेल्या ठिकाणी गेला होता आणि नियम तो तिथे असताना बदलला, तर त्या दिवसांचा पगार किंवा निदान नोकरी सुरक्षित राहील, अशी तरतूद कामगार खात्याकडून करून घ्या. कोणता आकडा कुठे गेला की देश यादीतून निघेल, ते यादीसोबतच छापा, म्हणजे जाणाऱ्याला आपण किती काठावर उभे आहोत ते कळेल. आणि घोषणेचा मजकूर साध्या भाषेत, कोणाला लागू आणि कोणाला नाही हे पहिल्या दोन ओळींत सांगणारा असू द्या.

आरोग्य नियमावलीतल्या २०२४ च्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत, त्यात ‘महासाथ आणीबाणी’ अशी नवी पायरीही आली आहे. त्यानुसार देशोदेशीचे नियम पुन्हा तपासले जात असताना प्रवाशांच्या परतीचा मसुदाही लोकांसमोर हरकतींसाठी ठेवावा, आणि तो ठेवताना गेल्या साथीत अडकलेल्यांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं, ही विनंती.

आपला,
एक नागरिक