गाणारे निव्वळ पाहुणे नव्हेत

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या थेट प्रक्षेपित विनोदी टीव्ही कार्यक्रमाचा विषय निघाला की चर्चा होते ती नकलांची आणि राजकीय चिमट्यांची. गाणारे मात्र ‘मधली विश्रांती’ समजले जातात. हा अन्याय आहे. ११ ऑक्टोबर १९७५च्या पहिल्याच भागात बिली प्रेस्टन आणि जॅनिस इयन गायले होते. आणि स्टुडिओ कुठला, तर न्यूयॉर्कचा ८-एच. विख्यात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींच्या वाद्यवृंदाच्या रेडिओ मैफली जिथून व्हायच्या, तोच!

थेट प्रक्षेपणात कोण काय करील याचा नेम नसतो. १९७७मध्ये एल्विस कॉस्टेलोने ठरलेलं गाणं काही ओळींतच थांबवलं आणि रेडिओवाल्यांचे वाभाडे काढणारं दुसरंच सुरू केलं. त्यानंतर १९८९पर्यंत त्याला बोलावणं नाही. १९९२मध्ये शिनेड ओ’कॉनरने तालमीत एका मुलाचं छायाचित्र दाखवलं होतं; प्रत्यक्ष कार्यक्रमात तिने पोपचं छायाचित्र कॅमेऱ्यासमोर फाडलं. निषेध होता चर्चमधल्या बालशोषणाचा. टाळ्यांची खूण करणारी पाटी त्या रात्री उजळलीच नाही, सभागृह चिडीचूप.

२००४मध्ये मात्र अ‍ॅशली सिम्पसनचा ध्वनिमुद्रित आवाज भलत्याच गाण्याचा वाजला, तोही माइक तोंडापासून लांब असताना. बाई जरा नाचल्यासारखं करून निघून गेल्या. ओठ हलवण्याच्या या प्रकारापेक्षा कॉस्टेलोचा आगाऊपणा मला शंभरदा परवडला.

– एक वाचक, डोंबिवली