आक्का, त्या रात्रीच्या प्रार्थनेबद्दल

प्रिय आक्का,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र घरी आणून दिलं असतं, पण त्या रात्री आमच्या ओट्यावर जे झालं ते मंडळीतल्या आणखी कुणाच्या कामी येईल असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही.

दादाशी बांधावरून बिनसलं त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. बांध माझ्या अंगावर सरकला, दोन सऱ्या गेल्या, आणि मग सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून रोजची कटकट. उपासनेला आम्ही दोघंही जायचो. तो पुढच्या सतरंजीवर, मी दाराशी, म्हणजे आधी उठून निघता यावं. प्रभुभोजनाच्या रविवारी मी मनाशी ठरवायचो, आजपासून माफ. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तय 5 मधलं वचन मला पाठ होतं. सोमवारी शेतात गेलो की बांध दिसायचा. 31 डिसेंबरच्या वॉचनाईटला, म्हणजे वर्ष संपतानाच्या रात्रीच्या उपासनेला, निश्चय केले, उपास धरले. दादाविषयी वाईट बोललो नाही त्या दिवसांच्या वहीत खुणा केल्या. सगळ्यात जास्त टिकले 11 दिवस. बाराव्या दिवशी जे तोंडातून गेलं ते माझ्या लेकरांनी ऐकलं.

एप्रिलची रात्र होती. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. पाळी माझी, आणि स्टार्टरच्या पेटीला दादाचं कुलूप. थरथरत घरी आलो तर कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, आटपून तुम्ही चहा घेत होता. आता क्षमेवर ऐकावं लागणार, असंच वाटलं मला. तुम्ही तांब्या पुढे केलात आणि म्हणालात, "दमी गया ना भाऊ? आते देवले सांग."

काय सांगू? जे आहे ते, म्हणालात.

आक्का, इतक्या वर्षांत मी देवाला दादाविषयी खरं एकदाही बोललो नव्हतो. माफ केलं, माफ केलं, एवढंच म्हणत आलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा तोंडातून निघालं, "प्रभू, मला त्याला माफ करायचं नाही. माझ्यात ते नाहीच. तुझ्याकडे असेल तर दे." एवढीच प्रार्थना. तुम्ही आमेन म्हणालात आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. त्या न बोलण्याबद्दलही आभार.

मग तुम्ही बायबलमधल्या दोन जागा काढून दिल्यात. रोम 7:18, जिथे पौल म्हणतो की चांगलं करण्याची इच्छा माझ्यात आहे, पण ते हातून होत नाही. आणि फिलिप्पै 2:13, जिथे तोच पौल म्हणतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. दोन्ही वचनं मी कितीदा वाचली होती, शेजारी शेजारी कधी ठेवली नव्हती. मी समजत होतो की इच्छा देवाने द्यायची आणि कृती मी दाखवायची, म्हणजे तो खूश होईल. कृतीसुद्धा मागायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, मग मी नुसतं बसून राहू का? तुम्ही बोट एक ओळ वर सरकवलंत. तिथे भीत व कापत आपलं तारण साधून घ्या असं लिहिलंय. काम आहेच, म्हणालात, पण रोज सकाळी आधी हात पसर, मग शेतात जा. तसंच करत गेलो. वही बंद केली.

जूनमध्ये वादळ आलं. दादाची निसवलेली केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली. केळीच्या खोडात लाकूड नसतं, घड पोटाशी असताना वारा आला की ती जातेच. सकाळी मी विळा घेऊन त्याच्या बागेत होतो. घड लगेच काढले तर निदान काहीतरी पदरात पडतं. दुपारी भाकर खाताना लक्षात आलं की बांध ओलांडताना मी काहीच ठरवलं नव्हतं. मी, ज्याला ठरवून 11 दिवस जमले होते! तिथेच रडलो. दादाने विचारलं नाही, पाण्याची बाटली दिली.

सगळं मिटलं असं लिहिणार नाही. जमिनीची मोजणी अजून व्हायची आहे. परवाच पाळीवरून आवाज चढले, आणि रात्री मला पुन्हा तीच प्रार्थना करावी लागली, त्याच शब्दांत. पण आता ती करायला लाज वाटत नाही.

एक विनंती आहे. पुढची कॉटेज प्रार्थना दादाच्या ओट्यावर ठेवायची आहे. त्यानेच विचारलंय, आक्का येतील का म्हणून. शनिवारी मोटरसायकल घेऊन तुम्हाला न्यायला येतो.

तुमचा,
भाऊ